वालबॉनला नव्यानं आलात? पहिल्या फेरफटक्याआधी हे वाचा

फ्रान्समध्ये सोफिया आंतिपोलिसला नोकरी लागून आलेल्या मराठी माणसाचा पहिला महिना घर, बँक, विमा आणि प्रीफेक्चरच्या, म्हणजे सरकारी जिल्हा कचेरीच्या, कागदांत जातो. दुसऱ्या महिन्यात एखाद्या रविवारी बाल्कनीत चहा पिताना त्याच्या लक्षात येतं की समोर चक्क जंगल आहे, आणि त्यात शिरायचं कुठून हे आपल्याला ठाऊक नाही.

आमचंही तसंच झालं. नवऱ्याच्या नोकरीमुळे वाई, मग पुणे आणि तिथून थेट दक्षिण फ्रान्स. पहिल्या वर्षात मी करायच्या तेवढ्या चुका करून घेतल्या. भर ऑगस्टात दुपारी दीडला चालायला निघाले, पाऊलवाट समजून एकांच्या आवारात शिरले आणि त्यांच्या कुत्र्याने मला फाटकापर्यंत पोचवलं, भलत्याच झाडाची पानं पुलावासाठी खुडून आणली. तेव्हा कुणी सांगायला नव्हतं. तुम्हाला सांगायला मी आहे.

हा लेख गिर्यारोहकांसाठी नाही. घराच्या आसपास तास-दोन तास चालायचं, झाडं बघायची, चार शेतं बघायची आणि जेवायच्या वेळेला धड घरी यायचं, एवढंच करायचंय त्यांच्यासाठी आहे.

१. आपण कुठे आहोत ते आधी कळू द्या

सोफिया आंतिपोलिस हे गाव नाही. १९६९ साली पिएर लाफित यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही तंत्रज्ञानाची वसाहत, साधारण २,४०० हेक्टरवर पाइनच्या झाडीत विखुरलेली. नावातलं आंतिपोलिस म्हणजे शेजारच्या आंतीबचं जुनं ग्रीक नाव. त्यामुळे इथे ‘गावात चाललो’ असं कुणी म्हणालं तर ते वालबॉनला किंवा बिऑटला चाललेत असं समजा. बिऑटमधला शेवटचा ट उच्चारतात हो. फ्रेंच शिकताना ‘शेवटचं अक्षर खायचं’ हा नियम आपण पाठ करतो आणि इथे तोंडघशी पडतो.

वालबॉन म्हणजे ‘चांगली दरी’. डोंगरातली बाकीची जुनी गावं गोगलगायीसारखी वळसे घेत चढतात. हे मात्र १५१९ साली लेरँसच्या मठातल्या साधूंनी सरळ रेषेत आखून वसवलं, त्यामुळे गल्ल्या एकमेकींना काटकोनात छेदतात. पायथ्याशी ११९९ साली स्थापन झालेला मठ आहे. तुमचा पहिला फेरफटका इथूनच सुरू करा, कारण त्याच्या खालच्या अंगाला ब्राग नावाची छोटी नदी आहे आणि तिच्या काठाने बिऑटपर्यंत पायवाट जाते. आपल्या हिशेबाने ब्राग म्हणजे ओढाच. पण त्या ओढ्याला हलक्यात घेऊ नका, का ते पुढे येईल.

२. वेळ ठरवा, मग बूट घाला

आपल्याकडे पावसाळा सोडला तर बाकीचे दिवस चालायला बरे. इथे उन्हाळा सोडला तर बाकीचे दिवस बरे. पाऊस पडतो तो मुख्यतः शरद ऋतूत आणि हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत. इथल्या झाडांची जाड, चिवट, तेलकट पानं आणि तो घमघमाट, सगळं या उलट्या हिशेबातून आलंय. पाणी कमी असताना ऊन सोसायचं तर पान असंच लागतं.

जुलै-ऑगस्टात सकाळी नऊच्या आत परत या. संध्याकाळी निघायचं तर सात वाजता, जूनमध्ये सव्वानऊपर्यंत उजेड असतो. डिसेंबरात मात्र पाचच्या आत सूर्य मावळतो आणि दरीत त्याच्याही आधी अंधारतं. हिवाळ्यात तीन वाजता ‘जरा पाय मोकळे करून येऊ’ म्हणून दरीत उतरणं हा नवशिक्यांचा ठरलेला सापळा. आम्ही मोबाइलच्या दिव्यावर वर चढून आलोय.

मला विचाराल तर मार्चअखेर ते जूनचा पहिला आठवडा आणि ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर. पहिल्या काळात फुलं, दुसऱ्यात फळं.

३. पिशवीत काय हवं

पहिल्यांदा कागद: रेसिडन्स कार्ड किंवा पासपोर्ट, ओळखपत्र अंगावर असू द्या. आरोग्य विम्याचं कार्ड. घरचा पत्ता फ्रेंचमध्ये एका चिठ्ठीवर, विशेषतः आईवडील किंवा सासू-सासरे आले असतील आणि एकटे फिरायला जाणार असतील तर त्यांच्या खिशात. त्याच चिठ्ठीवर आणीबाणीचे नंबर: ११२ कुठूनही, १८ अग्निशमन दल, १५ वैद्यकीय मदत.

मग वस्तू: दीड लिटर पाणी. टोपी. पूर्ण लांबीची पँट, कारण वाटेत काटेरी वेली आहेत आणि गवतात गोचीड. खाचा असलेल्या तळाचे बूट. इथला चुनखडीचा दगड पायांनी आणि पाण्याने घासून काचेसारखा गुळगुळीत होतो, आणि ऑफिसचे स्पोर्ट शूज त्यावर साबणासारखे घसरतात. औषधाच्या दुकानात गोचीड काढायचा छोटा प्लास्टिकचा आकडा मिळतो, तो घेऊन ठेवा. नखाने ओढून काढू नका. चावल्या जागी पुढच्या दिवसांत लाल कडं पसरत गेलं तर डॉक्टर गाठा.

आणि कागदी नकाशा. सरकारी नकाशासंस्थेचा, आयजीएनचा, १:२५,००० प्रमाणाचा, कान-ग्रास भागाचा ३६४३ ईटी. पुस्तकांच्या दुकानात मिळतो. दरीत मोबाइलची रेंज जाते, तेव्हा तो निळा ठिपका एकाच जागी बसून राहतो आणि आपण त्याच्यावर विश्वास ठेवून पुढे जात राहतो.

४. खुणा वाचायला शिका

झाडाच्या खोडावर, दगडावर, विजेच्या खांबावर रंगाचे पट्टे दिसतील. एकच पिवळा पट्टा म्हणजे स्थानिक छोटी वाट. पांढऱ्याखाली लाल म्हणजे लांब पल्ल्याची वाट, जी तुम्हाला दोन दिवसांनी भलत्याच गावात नेऊन सोडेल. त्याच रंगांची फुली म्हणजे ‘इकडे नाही’. फुलीकडे लक्ष न देता सरळ जाणं ही फार सोपी चूक आहे, कारण डोळा पट्टा शोधत असतो आणि फुलीलाही तो पट्टाच समजतो.

याशिवाय या जिल्ह्यात लाकडी खांब आहेत, त्यांवर आकडा आणि गावांची नावं कोरलेली. स्थानिक लोक त्याला बालीझ म्हणतात. तो आकडा नकाशावरही असतो. प्रत्येक खांबाचा फोटो काढत जा. वाट चुकलात आणि मदतीला फोन करावा लागला तर ‘मी एका मोठ्या पाइनच्या झाडापाशी आहे’ यापेक्षा खांबाचा आकडा सांगणं कितीतरी उपयोगाचं.

आता पाट्या. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ म्हणजे खासगी मालमत्ता, तिथून मागे फिरा. ‘शियँ मेशाँ’ म्हणजे कुत्रा चावरा आहे, आणि ते खरं असतं, माझ्यावर विश्वास ठेवा. ‘ओ नॉं पोताब्ल’ म्हणजे पाणी पिण्याचं नाही. गावातल्या जुन्या कारंज्यावर ही पाटी असेल तर बाटली भरू नका. सगळ्यांत महत्त्वाची ‘शास आँ कूर’ किंवा ‘बात्यू आँ कूर’. पहिलीचा अर्थ शिकार चालू आहे, दुसरीचा अर्थ हाकारा घालून शिकार चालू आहे, बहुतेक वेळा रानडुकरांची. सप्टेंबर ते फेब्रुवारीअखेर हा हंगाम. पाटी दिसली की त्या वाटेने जाऊ नका. या महिन्यांत अंगावर काहीतरी भडक रंगाचं असू द्या. आईने आणलेला मातकट रंगाचा स्वेटर तेवढा घरी ठेवा.

५. पहिली फेरी: मठ, ओढा, ताली

मठाच्या बाजूने खाली उतरलं की पाच मिनिटांत हवा बदलते. वर ऊन आणि पाइनचा वास, खाली ओल. ओढ्याकाठी सावली दाट, खडकांवर शेवाळ, छोटे पूल. पहिल्या दिवशी बिऑटपर्यंत जायचा हट्ट नको. अर्धा-पाऊण तास काठाने जा, त्याच वाटेने परत या आणि वर गावाच्या कडेने ऑलिव्हच्या शेतांजवळून एक चक्कर मारा. एवढ्यातही इथली तिन्ही रूपं दिसतात: ओढ्याकाठची ओली झाडी, उतारावरची खुरटी सुगंधी झुडपं आणि माणसाने घडवलेली शेती.

शेतीची जमीन इथे सपाट नाही. उतारावर दगडी भिंती घालून पायऱ्या केल्या आहेत. आपण ताली म्हणतो तेच. प्रोव्हाँस प्रांतात त्यांना रेस्तांक म्हणतात, नीस शहराकडे प्लांश. भिंतीत चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड. आई पहिल्यांदा आली तेव्हा या भिंतीवर हात ठेवून म्हणाली, “अगं, हा तर कोकणातला गडगा!” अगदी तोच. नीट पाहिलंत तर भिंत सरळ उभी नसते, वर जाताना किंचित आत, टेकडीकडे झुकलेली असते. मागच्या मातीचा भार पेलायला. दगडांमधल्या फटींतून पावसाचं पाणी निचरून जातं, म्हणून भिंत फुगत नाही. जिथे कुणी ‘पक्कं काम’ म्हणून सिमेंट ओतलंय, तिथे पाणी अडून भिंतीला पोट आलेलं दिसेल. ही कोरड्या दगडी भिंतींची कला २०१८ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली, फ्रान्ससह युरोपातल्या आठ देशांची मिळून. एक विनंती: या भिंतींवर चढू नका, मुलांना चढवू नका. वरचा एक दगड निसटला की पुढच्या पावसात चार निसटतात.

तालींवरची ऑलिव्हची झाडं बघताना बुंधे मोजा. कित्येक झाडांना एकाच बुडख्यातून तीन-चार खोडं फुटलेली दिसतील. फेब्रुवारी १९५६ मध्ये प्रोव्हाँसमध्ये भयंकर गोठण पडलं, ऑलिव्हची झाडं वरून मेली. लोकांनी ती बुंध्याशी कापली, मुळातून नवे कोंब आले. आज जी गोल, पुष्पगुच्छासारखी झाडं दिसतात त्यांतली बरीचशी अशी दुसऱ्या जन्माची आहेत. इथली जात कायतिए, फळ बारीक, करवंदाएवढं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून झाडांखाली जाळी अंथरलेली दिसतील, त्यांवरून चालत जाऊ नका. एक लिटर तेलाला साधारण पाच-सहा किलो फळ लागतं, म्हणजे पायाखाली चिरडलं गेलेलं प्रत्येक फळ मोजलेलं असतं. शेजारच्या ओपिओला तेलाची जुनी गिरणी आहे, हंगामात तिथे गाड्यांच्या डिकीतून क्रेट उतरत असतात. हवेत ताज्या तेलाचा जो हिरवा, घशाला चावणारा वास असतो, त्याला घाण्याच्या वासाची सर आहे.

कच्चं ऑलिव्ह झाडावरून तोडून तोंडात टाकू नका. चोरी तर आहेच, वर इतकं कडू की कडुलिंब परवडला. मिठाच्या पाण्यात मुरवल्याशिवाय ते खाण्यालायक होत नाही.

६. झाडं ओळखणं, आणि ओळखीच्या झाडांपासून सावध राहणं

इथे नवख्या मराठी माणसाला अनोळखी झाडं फसवत नाहीत. ओळखीची फसवतात.

माझा पुलावाचा किस्सा इथला. घरातली तमालपत्रं संपली होती. शेजारच्या बाईंनी सांगितलं, “लोरिए सगळीकडे आहे की, कुंपणाला बघा.” मी कुंपणाची चार चकचकीत पानं खुडून आणली. धुवायला घेतली, एक मोडलं आणि कडू बदामाचा वास आला. पुलाव तसाच बिनपानाचा झाला, आणि नंतर कळलं ते बरंच झालं. फ्रेंचमध्ये ‘लोरिए’ नावाची निदान चार झाडं आहेत आणि त्यांचा एकमेकांशी काहीएक संबंध नाही.

लोरिए-सोस हे खरं, स्वयंपाकाचं. पान मध्यम, कडा किंचित लहरी, मोडलं की मसाल्याच्या डब्याचा वास. आपलं तमालपत्र यापेक्षा वेगळं, ते दालचिनीच्या कुळातल्या झाडाचं, त्याच्यावर तीन लांब शिरा असतात. याच्यावर मधली एकच.

लोरिए-सरीझ म्हणजे माझं कुंपणवालं. पान मोठं, जाड, प्लास्टिकसारखं चकचकीत. विषारी.

लोरिए-रोझ म्हणजे आपली कण्हेर! रस्त्यांच्या कडेला, दुभाजकांत, गुलाबी-पांढरी फुललेली. कण्हेरीचं विष आपल्याला कुणी शिकवायला नको, पण ‘लोरिए’ हे नाव ऐकून तिचं पान रश्श्यात टाकायचा मोह होऊ शकतो, म्हणून लिहिते.

लोरिए-तँ हे हिवाळ्यात पांढरे फुलोरे धरणारं झुडूप. याच्या नावातला ‘तँ’ आणि तँ म्हणजे थाइम, दोन्हींचा उच्चार एकच. फ्रेंच लोकांना यात काही अडचण वाटत नाही.

तर नियम साधा: वास घ्या, तोंडात घालू नका. स्वयंपाकाची पानं शुक्रवारी सकाळी वालबॉनच्या बाजारात मिळतात.

आता आनंदाच्या ओळखी. उतारावर वीतभर उंचीचं, करड्या पानांचं थाइम दिसेल. बोटांत चुरडा. ओव्याचा वास येईल, कारण दोन्हींत थायमॉल हे एकच द्रव्य आहे. त्याच्या बाजूला दाट, गडद हिरवं झुडूप असेल, पानं जोडीजोडीने, मोडलं की राळेचा, थोडा कैरीच्या चिकासारखा वास. ते लाँतिस्क, आंब्या-काजूच्या कुळातलं. मिर्त हे दुसरं, उन्हाळ्यात पांढरी फुलं आणि नोव्हेंबरात निळसर काळी फळं. ते जांभळाच्या कुळातलं. फूल बघितलंत तर पटेल, जांभळाच्या मोहरासारखेच केसरांचे झुपके. खुद्द ऑलिव्ह मोगऱ्याच्या आणि पारिजातकाच्या कुळातलं आहे. हे कळल्यापासून मला इथे जरा कमी परकं वाटतं. वसंतात झुडपांच्या बुडाशी रानटी शतावरीचे कोवळे कोंब निघतात, आणि एरवी शांत असलेले म्हातारे लोक काठी घेऊन उकिडवे बसलेले दिसतात. त्यांना ‘काय शोधताय?’ असं विचारू नका. जागा कुणीच सांगत नाही.

एप्रिल-मेमध्ये सिस्त. गुलाबी किंवा पांढरं फूल, पाकळ्या इस्त्री न केलेल्या रुमालासारख्या चुरगळलेल्या. एक फूल एकच दिवस टिकतं, संध्याकाळी पाकळ्या खाली, सकाळी त्याच झुडपावर नवी. आर्बूझिए शरदात बघा. त्याला फळ पिकायला वर्ष लागतं, त्यामुळे यंदाची पांढरी घंटेसारखी फुलं आणि गेल्या वर्षीची लाल खरखरीत फळं एकाच फांदीवर असतात. साल्सपारेय नावाची हृदयाकृती पानांची वेल पँट धरते तेव्हा ओढू नका, एक पाऊल मागे घ्या, ती सोडते.

उंच, काळपट, सुरईसारखी निमुळती झाडं म्हणजे सरू. कोकणच्या किनाऱ्यावर असते ते सुरू, हे वेगळं. आणि सगळं इथलंच समजू नका. घायपात आणि निवडुंग अमेरिकेतून आले, बोगनवेल ब्राझीलची, जानेवारी-फेब्रुवारीत टेकड्या पिवळ्याधमक करणारा मिमोझा ऑस्ट्रेलियाचा, आपल्या बाभळीचा नातलग. तो इतका पसरलाय की मूळच्या झाडांना जागा उरत नाही. पोस्टकार्डावर मात्र तोच.

लॅव्हेंडरबद्दल एकदाच सांगते. पाहुणे विमानतळावरच विचारतात, “ती जांभळी शेतं कुठायत?” इथे नाहीत. खरं लॅव्हेंडर वरच्या डोंगरात, उंचीवर वाढतं. फोटोतली शेतं वालेन्सोलच्या पठारावर, इथून गाडीने काही तासांवर, जून-जुलैत. वालबॉनमध्ये दिसतं ते लोकांच्या बागेत लावलेलं.

७. चार धोके

पाइनवरची सुरवंटं. हिवाळ्यात पाइनच्या शेंड्यावर कापसाच्या पिंजलेल्या गोळ्यासारखी घरटी दिसली तर त्या झाडाखाली थांबू नका. हिवाळा संपता संपता ती सुरवंटं खाली उतरतात आणि एकामागे एक, आगगाडीच्या डब्यांसारखी रांग करून चालतात. मुलांना ती रांग भारी आवडते. त्यांचे केस त्वचेला, डोळ्यांना, घशाला भयंकर आग करतात. कुत्र्याने चाटलं तर त्याची जीभ सडू शकते, ताबडतोब पशुवैद्याकडे न्यावं लागतं. अंगाला लागलंच तर चोळू नका, कपडे बदला, भरपूर पाण्याने धुवा, आग वाढत गेली किंवा श्वासाला त्रास झाला तर १५ ला फोन.

वणवा. जून ते सप्टेंबर फ्रान्सचं हवामानखातं रोज जंगलातल्या आगीच्या धोक्याचा जिल्हावार नकाशा देतं, हिरवा ते लाल अशा चार रंगांत. निघण्याआधी तो बघा, आणि नगरपालिकेने वाट बंद केली असेल तर ती बंदच आहे. धोक्याच्या काळात जंगलात आणि जंगलापासून २०० मीटरच्या आत सिगारेट ओढायलाही बंदी आहे. कोजागिरीच्या हौसेने कुणी शेगडी घेऊन झाडीत जायचं म्हणालं तर त्याला घरी बसवा. वसंतात सगळीकडे गवत कापायच्या मशिनांचा आवाज येतो, तोही याचसाठी: जंगलालगतच्या घराभोवती ५० मीटर झाडोरा साफ ठेवणं मालकाला बंधनकारक आहे.

पाणी. ३ ऑक्टोबर २०१५ च्या संध्याकाळी या किनाऱ्यावर काही तासांत असा पाऊस कोसळला की २० माणसं गेली. ब्राग बिऑटच्या खालच्या भागात शिरली होती. आपण जिला ओढा म्हणतो तीच ही. हवामानखात्याचा इशारा नारिंगी किंवा लाल असेल तर दरीत उतरायचंच नाही, वर ऊन पडलेलं असलं तरी. पाऊस वरच्या डोंगरात पडतो, पाणी खाली येतं. जुलैत कोरड्या दगडांवरून ओलांडलेली जागा नोव्हेंबरात ओलांडता येईलच असं नाही.

आणि ऊन. जून अर्धा सरला की सिकाडा, म्हणजे झाडांवरचे किडे, कर्कशायला लागतात. माझा ठोकताळा असा: त्यांचा आवाज सुरू झाला की घरी परतायची वेळ झाली.

८. माणसं भेटली तर

वाटेवर समोरून कुणीही आलं तर ‘बाँझूर’ म्हणायचं. शहरात नाही म्हटलं तर चालतं, पायवाटेवर नाही चालत. मी सुरुवातीला मान खाली घालून जायची, पुण्याची सवय. ‘बाँझूर’ म्हणायला लागल्यापासून मला दोन अंजिरं, एक बरणीभर मुरवलेले ऑलिव्ह आणि पुष्कळशी न विचारलेली माहिती मिळाली आहे.

कुंपणाबाहेर लोंबणारं अंजीर मालकाचंच असतं. जंगलातल्या अळंब्यासुद्धा कायद्याने जमीनमालकाच्या. विचारलंत तर बहुतेक वेळा हो म्हणतात.

जानेवारीच्या शेवटी वालबॉनला द्राक्ष आणि ऑलिव्हची जत्रा असते, ती चुकवू नका. जानेवारीत द्राक्ष कसलं, असं नाशिककर विचारतील. हे सेर्व्हाँ नावाचं उशिरा पिकणारं द्राक्ष. घड वेलीच्या काडीसकट कापून ती काडी पाण्याच्या बरणीत उभी करतात, पाणी खराब होऊ नये म्हणून त्यात कोळसा टाकतात, आणि घड थंड खोलीत महिनोन्महिने ताजे राहतात. पूर्वी त्यासाठी घरात वेगळी खोली असे.

९. जमलं? मग बिऑट

तीन-चार छोट्या फेऱ्या झाल्या, खुणा वाचता यायला लागल्या, की ब्रागच्या काठाने वालबॉन ते बिऑट करा. नऊ-दहा किलोमीटर, फोटो काढत, डबा खात तीनएक तास. वालबॉनकडून निघा, म्हणजे एकूण उतार मिळतो. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्या. बटाट्याची भाजी नको, उन्हात विटते. वाटेच्या मध्यावर दुकान नाही, नळ नाही.

बिऑटला शेवटी गावात चढायचा चढ आहे, तो कुणी आधी सांगत नाही, म्हणून मी सांगते. वर काचेच्या वस्तू फुंकून घडवणारे कारागीर आहेत, त्यांच्या भट्ट्या बघता येतात. काचेत मुद्दाम बुडबुडे ठेवलेले असतात, तो दोष समजून घासाघीस करू नका.

परतीला एन्व्हीबस, म्हणजे इथली स्थानिक बस. वेळापत्रक निघण्याआधीच बघा, कारण रविवारी फेऱ्या कमी असतात. ‘बिऑट स्टेशन’ हे खाली समुद्राकाठी आहे, गावापासून चांगलं तीनेक किलोमीटर. आम्ही पहिल्या वेळी स्टेशन गावातच असेल या हिशेबाने निघालो होतो. आई तेव्हा एका घायपातीशेजारी दगडावर बसली, तिच्या पात्याला हात लावला आणि म्हणाली, “ह्याचा वाख काढतात आपल्याकडं. इथं नुसतीच लावून ठेवलीय.” मग बूट काढून बसली ती बस येईपर्यंत उठलीच नाही. थांब्यावर सावली नव्हती. टोपी दोघींत एक होती.